उमाजीरावांचं छापील मरण

उमाजीराव लाड यांनी स्वतःच्या मरणाची हकिगत पहिल्यांदा वाचली ती १९९६ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. टेलिफोन खात्यात ते केबल जोडायचं काम करत. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या एका चौकात रस्ता खणलेला होता. त्या खड्ड्याच्या काठावर डबा उघडून, गुडघ्यावर पुस्तक ठेवून ते बसले होते. पुस्तक मीच दिलेलं होतं.

तासाभरात ते आमच्या दारात उभे. हात काळे, शर्टावर माती, डब्यातलं चित्रान्न, लिंबाचा भात, तसंच.

"आज कसे आलात? रविवार नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक पुढं केलं. "अक्का, ह्यात मी मेलोय."

मला हसू आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

"हसू नका. एकशे बारावं पान बघा," ते म्हणाले आणि पायरीवरच बसले.

आधी आमची ओळख सांगते. माझे यजमान दामोदर इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो. पुण्यात मी चार वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, ते इथं येताना सुटलं. मग मराठी मंडळाचं ग्रंथालय माझ्याकडे आलं. ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक रजिस्टर. मंडळाचा फोन बंद पडला म्हणून एकदा उमाजीराव दुरुस्तीला आले. फोन चालू झाला तरी ते जाईनात. कपाटासमोर मान तिरकी करून पुस्तकांची नावं वाचत राहिले. मग म्हणाले, "ही घरी नेता येतात काय?"

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर ह्या मुलुखात आलेलं. घरात मराठी बोलत, पण शाळा कन्नड. "मग मराठी वाचायला कुठं शिकलात?" मी विचारलं होतं. "आमी लहानपणी हेब्बाळला होतो, इथंच गावाबाहेर. बाजूच्या क्वार्टर्समधी बाळू म्हणून पोरगा होता, तुमच्याकडचा. त्यानं शिकवलं. त्याचे वडील शेतकी खात्यात होते. मग बदली झाली, गेले."

संध्याकाळच्या कॉलेजात त्यांनी बी.ए. केलं होतं. पन्नाशीला टेकल्यावर टपालानं इंग्रजीचं एम.ए. करायचं मनात घेतलं. खात्यातले लोक हसायचे. दर रविवारी सकाळी दहाला ते माझ्याकडे शिकायला यायचे. त्या वर्षी त्यांना एक जुनी इंग्रजी कादंबरी नेमलेली होती. एक थोर लेखक वारतो, त्याचं चरित्र लिहायचं ठरतं, आणि त्याच्या तरुणपणाच्या ज्या खऱ्या आठवणी कुणाकुणाजवळ आहेत त्या त्या चरित्रात कुणाला नको असतात, असा तिचा विषय. मी आपल्या जुन्या टिपणांतून आठवण आणि कीर्ती, निवेदकाची विश्वासार्हता वगैरे सांगत होते. उमाजीराव सगळं वहीत उतरवून घेत. पण एकदा पेन खाली ठेवून म्हणाले, "अक्का, ह्यात सगळे लेखकच. एकमेकांवर लिवतात, एकमेकांना उत्तर देतात. ज्याला लिवता येत नाही त्यानं काय करायचं?"

मला त्या प्रश्नावरून एक पुस्तक आठवलं. यशोवर्धन सबनीस यांच्या आठवणींचं. मार्चमध्ये तेच सबनीस आमच्या मंडळात सत्काराला येणार होते आणि आमच्याच घरी उतरणार होते. त्यांचं बालपण बेंगळुरूत गेलेलं. मी मंडळाच्या कपाटातून पुस्तक काढून दिलं आणि म्हटलं, "कादंबरीबरोबर हेही वाचा. आठवणी कशा लिहाव्यात ते कळेल."

आता तेच पुस्तक माझ्या हातात होतं. एकशे बाराव्या पानावर सुरू होणारं प्रकरण मला जवळजवळ पाठ होतं. नवी नवरी होते तेव्हा वाचून रडले होते. शाळेच्या क्रमिक पुस्तकातही ते धडा म्हणून आलेलं. प्रकरणाचं नाव 'उमाजी'. हेब्बाळच्या एका शिंप्याचा मुलगा. शेंगदाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मोठ्यानं वाचणारा. लेखकाचा जिवलग. एप्रिलच्या एका दुपारी दोघं तळ्यावर जातात, उमाजी कमळं काढायला पाण्यात उतरतो आणि परत येत नाही. लेखक त्याला बाहेर काढून खांद्यावरून घरी आणतो, आणि त्याची आई दारात उभी असते.

इतकी वर्षं उमाजीराव माझ्यासमोर बसत होते आणि माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. नाव तेच, गाव तेच. पण पुस्तकातला मेलेला होता ना!

"बाळू म्हणजे सबनीस?" मी विचारलं.

"आमाला बाळूच ठाव. यशोवर्धन कोण म्हणून मी शंभर पानं वाचत होतो." त्यांनी काळ्या हातानं पानावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, डाग पडू नये म्हणून. "हे सगळं मी, अक्का. पुड्या वाचणारा मी. शिंप्याचा पोरगा मी. पण पाण्यात गेला तो माझा अण्णा. शंभूराज. सतरा वर्षांचा होता. मी सगळं पुस्तक चाळलं. शंभूचं नाव एका ठिकाणीसुद्धा नाही."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. त्यांची आई वसुमती, सगळे तिला अव्वा म्हणत, पंच्याहत्तरीची. तिला वाचता येत नव्हतं. उमाजीरावांच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीनं, कॉफी दिली आणि ती दाराशी उभी राहिली. उमाजीरावांनी प्रकरण मोठ्यानं वाचलं. अव्वा ऐकताना मध्येच म्हणाली, "तू बुडालास म्हणतोय? वेडं हाय काय ते?" आणि तिनं मुलाच्या दंडाला हात लावून बघितला. खरंच बघितला.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आनि शंभू?"

"त्याचं काही लिवलं नाही, अव्वा."

"कायच नाही?"

"नाही."

"म्हंजे मला एकच पोरगा होता, आसं लिवलंय?"

उमाजीरावांनी पुस्तक मिटलं. मी निघाले तेव्हा अव्वानं माझा हात धरून ठेवला, जरा जास्तच घट्ट. "ते पोरगं तुमच्याकडं येनार हाय म्हने?" "हो." "सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे, आणि हात सोडला.

दामोदरना मी सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "प्रतिमा, दीडशे माणसांना पत्रिका गेल्यात. कार्यक्रम होऊ दे. नंतर बोलू." मी सबनिसांना आधी कळवलं नाही. ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. उमाजीरावांनी एवढंच विचारलं होतं, "मी रविवारी माझ्या वेळेला येऊ ना?" त्यांचा तो तास होता. मी या म्हटलं.

सबनीस शनिवारी आले. माणूस साधा, बोलायला गोड. आल्या आल्या त्यांनी माझ्या सासूबाईंच्या फोटोला नमस्कार केला. रविवारी दहाला ते आमच्या बैठकीत पेपर वाचत होते, तेव्हा उमाजीराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आत आले.

"हे माझ्याकडे इंग्रजी शिकतात," मी म्हटलं.

उमाजीरावांनी हात जोडले. "बाळू, वळखलंस काय?"

ह्या नावानं हाक ऐकून सबनीस हसले, कुणी जुनं माणूस भेटल्यासारखे. "आपण...?"

"हेब्बाळ. शिंप्याचा उमाजी."

हसू तसंच राहिलं, फक्त बाकीचा चेहरा बदलला. ते उभे राहिले, पुन्हा बसले. माझ्याकडे पाहिलं, दामोदरकडे पाहिलं. "तू... तुम्ही इथंच आहात अजून?"

"आमी कुठं जानार? तीनशे वर्षं इथंच हाओत."

मग उमाजीराव म्हणाले, "मला मारलंस त्याचं काही नाही. शंभूला कुठं घालवलंस?"

सबनिसांनी चष्मा काढून हातात धरला. "उमाजी, ते साहित्य आहे. माझी मैत्री तुझ्याशी होती, आणि मरण त्याचं. दोन भाऊ ठेवले असते तर सगळं विस्कटलं असतं. वाचकाला एकच मुलगा लागतो."

"आणि मी जिता हाय त्याचं?"

"मला काय माहीत, इथं कुणी मराठी वाचत असेल!"

हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं. आठ वर्षं मी त्या दोन कपाटांना कुलूप लावत-काढत होते.

उमाजीराव मात्र ओरडले नाहीत. "तूच शिकवलंस की रे मला वाचायला," ते म्हणाले.

सबनीस चष्म्याच्या काचा रुमालानं पुसू लागले.

"आणि खांद्यावरनं आनलं म्हणून लिवलंयस. खोटं. संध्याकाळी कोळ्यांनी काढलं त्याला. मी होतो तिथं. आपण तिघं होतो."

तेव्हा सबनिसांनी मान वर केली. "नाही. तू नव्हतास."

"मी होतो! काठावर उभा राहून ओरडलो. तुला आठवत नाही."

"उमाजी, बाकी काय हवं ते म्हण. पण तू तिथं नव्हतास. आम्ही दोघंच होतो."

"लबाड," उमाजीराव म्हणाले. वही उचलली आणि ते चप्पल घालून निघून गेले. मलाही सबनिसांची चीड आली. एवढं झाल्यावरसुद्धा हा माणूस खोटं बोलतोच आहे, असं मला वाटलं.

सत्कार झाला. एक सभासद ते प्रकरण वाचून दाखवणार होते, पण सबनिसांनी दामोदरना बाजूला घेऊन ते रद्द करायला लावलं. भाषणात ते बेंगळुरूच्या हवेबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

पुढच्या रविवारी उमाजीराव आले ते कादंबरी न आणता. "परीक्षेचं नंतर. मला शंभूचं लिवायचंय. चुका तुमी काढा." तीन आठवड्यांत त्यांनी पाच पानं लिहिली. त्यांच्या घरची मराठी, मध्ये कन्नड शब्द. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. त्यात शंभू होता. वडिलांच्या मशीनशेजारी बसून रात्रंदिवस काजं करणारा, शीळ घालणारा, अव्वाला पाणी भरू न देणारा. आणि ती दुपार होती. तळ्याचा काठ, ऊन, चिखलात रुतलेले पाय, उमाजी ओरडतोय, बाळू बघत उभा आहे. मंडळाच्या अंकात छापायचं असं आम्ही ठरवलं.

छापायच्या आधी अव्वाला वाचून दाखवायचं म्हणून पुन्हा त्यांच्याकडे गेले. ती खाटेवर बसून ऐकत होती. शीळ घालण्याचं आलं तेव्हा हसली. तळ्याचं आलं तेव्हा तिनं हात वर केला.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"कुनी म्हणजे? मी होतो ना, अव्वा."

"तू कुठं होतास? तू कांजिण्यांनी पडला होतास. माझ्या मांडीवर डोकं होतं तुझं. म्हणून तर मी शंभूमागं गेले नाही. नाहीतर त्या उन्हात त्याला जाऊ दिलं असतं काय?"

"अव्वा, मला दिसतंय. त्याचा हात वर आलेला, पानी—"

"ते मी सांगत होते, मनात दिसेल तसं. रोज सांगत होते, सहा महिने. जो येईल त्याला. तू ऐकत होतास कोपऱ्यात बसून." ती भाग्यलक्ष्मीकडे वळली. "ह्याच्या पाठीवर कांजिण्यांचे वण हाएत अजून. बघितले असशील तू."

भाग्यलक्ष्मीनं मान हलवली.

उमाजीराव माझ्याकडे बघत होते. छत्तीस वर्षं हा माणूस त्या काठावर उभा राहून ओरडत होता, आणि तो तिथं गेलाच नव्हता. त्यांनी पाचही पानं घडी करून खिशात घातली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत फुलं विकत होतं.

"मी त्याला लबाड म्हणालो," उमाजीराव शेवटी म्हणाले.

त्यांनी सबनिसांना पत्र लिहिलं ते माझ्यासमोर. चार ओळींचं. "मी तिथं नव्हतो, हे खरं. तुझी माफी मागतो. पण मग तिथं फक्त तूच होतास. शंभूचं शेवटचं तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आमची अव्वा थकली आहे. तिला खरं काय ते सांग."

महिनाभर काही आलं नाही. मग एक निळं अंतर्देशीय पत्र आलं. उमाजीराव ते न फोडता माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "तुमी वाचा."

सबनिसांचं अक्षर बारीक होतं. मला त्यातलं बरंच आठवतं. "कमळं मला हवी होती. शंभू माझ्यासाठी उतरला. त्याचे पाय वेलींत अडकले. त्यानं हाका मारल्या. मला पोहता येत नव्हतं. मी पळालो. घरी जाऊन पांघरूण ओढून झोपलो. आई चहाला उठवायला आली तेव्हा सांगितलं. दोन तास होऊन गेले होते. तुमच्या घरी यायची माझी हिंमत झाली नाही, वडिलांनी बदली मागून घेतली. खांद्यावरून आणलं असं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला माहीत होतं की हे खोटं आहे. सभांमधून वाचत गेलो आणि माझ्याच खांद्याला ते वजन आठवू लागलं. शंभूचं नाव घातलं असतं तर एक दिवस कुणीतरी विचारलं असतं, त्या दुपारी काय झालं? जो बुडालाच नाही त्या उमाजीचं कोण विचारणार होतं?"

मी वाचता वाचता दोनदा थांबले. उमाजीराव जमिनीकडे बघत होते. "हे अव्वाला कसं सांगू?" ते म्हणाले. पण सांगितलं, त्याच संध्याकाळी.

अव्वा फक्त म्हणाली, "दोन तास?"

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही थोडंच खाल्लं. तिसऱ्या दिवशी तिनं उमाजीरावांना बोलावलं. "हाका मारल्या म्हनून लिवलंय. कुनाला मारल्या ते लिवलं नाही. त्याला म्हनाव, हितं येऊन सांग."

आणि सबनीस आले. डिसेंबरमध्ये, मंडळाला न कळवता, आमच्याकडे न उतरता. मला भाग्यलक्ष्मीनं नंतर सांगितलं. ते अव्वासमोर जमिनीवर बसले होते. तिनं एकच प्रश्न विचारला. सबनीस म्हणाले, "बाळू, बाळू म्हणून मारल्या. तीनदा." अव्वा म्हणाली, "मला नाही?" ते म्हणाले, "नाही." मग दोघंही रडले, पण वेगवेगळे, असं भाग्यलक्ष्मी म्हणाली. जेवायला थांबा असं तिनं म्हटल्यावर सबनिसांनी अव्वाकडे पाहिलं. अव्वा म्हणाली, "वाढ त्याला." स्वतः मात्र उठून आतल्या खोलीत गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

अठ्ठ्याण्णव साली त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. मी घाईनं अनुक्रमणिका उघडली. 'उमाजी' हे प्रकरणच नव्हतं. काढून टाकलं होतं, कुठं एका ओळीचाही खुलासा न देता. शंभूचं नाव येईल अशी मला वेडी आशा होती. क्रमिक पुस्तकात मात्र धडा तसाच आहे. पुण्याच्या माझ्या भाचीला चाचणीत प्रश्न आला होता, उमाजीच्या मृत्यूचा लेखकाच्या मनावर काय परिणाम झाला? तिला दहापैकी आठ मिळाले.

उमाजीराव एम.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. त्या कादंबरीवरच्या प्रश्नाला त्यांनी काय लिहिलं ते मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सबनिसांचं निळं पत्र छापावं असं दामोदरसकट तिघा-चौघांनी त्यांना सुचवलं होतं. उमाजीराव नाही म्हणाले. "मी पण खोटंच लिवलं होतं. फक्त छापलं नव्हतं."

पाच पानं त्यांनी फाडली आणि एकच लिहिलं. मंडळाच्या जुन्या प्रतीत, एकशे बारा आणि एकशे तेरा या पानांच्या मध्ये ते आहे.

"शंभूराज लाड, वय सतरा, हेब्बाळच्या तळ्यात १९६० च्या एप्रिलमध्ये बुडून वारला. तो शीळ फार छान घालायचा. मी त्याचा धाकटा भाऊ उमाजी. त्या दिवशी मी आजारी होतो, तिथं नव्हतो. जे तिथं होते त्यांनी आणि आमच्या आईनं सांगितलं ते हे."

मंडळाच्या पुस्तकांत काही चिकटवायला मनाई आहे, तसा नियम कपाटाच्या दारावर लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. डिंक मीच लावला.